दादाच्या तीन फायली, तीन डॉक्टर. सगळं एकत्र कोण बघतं?

वाळवंटीकाठची

दोन वर्षं या फोरमवर नुसती वाचते आहे. आज पहिल्यांदा लिहिते, तेही शाळेतून आल्यावर खोलीचं दार लावून. आमच्या वाड्यावर सोरो म्हणजे दारू लग्नाच्या आदल्या रात्री सगळ्यांच्या हातात असतो आणि दुसऱ्या दिवशी कोणाच्या तोंडात त्याचं नाव नसतं.

माझा मोठा भाऊ, वय ४७. साखळीपासून थोडं आत आमचं घर. दादाचे दोन ट्रक खाणीवर चालायचे. सप्टेंबर २०१२मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा दुसऱ्या ट्रकचे निम्मे हप्तेसुद्धा फिटले नव्हते. मधे थोडं काम सुरू झालं, मार्च २०१८ला पुन्हा ठप्प. एक ट्रक मिळेल त्या भावाला गेला. दुसरा अंगणात दोन पावसाळे उभा राहून गंजला. त्याच्या केबिनमध्ये आमची कोंबडी अंडी घालायची. दादा आधी पीत नव्हता असं नाही, पण तेव्हा रात्रीचे दोन पेग, वर जेवण आणि झोप. आता सकाळी चहाचा कप दोन्ही हातांनी धरतो तरी निम्मा बशीत सांडतो. मग चप्पल घालून मागच्या दाराने तावेर्नावर, म्हणजे दारूच्या दुकानावर, जाऊन येतो आणि हात थांबलेले असतात. आई, वहिनी आणि मी, आम्ही तिघी हे रोज बघतो.

आता फायलींचं सांगते. तिन्ही मी एका साडीच्या दुकानाच्या पिशवीत घालून फिरते.

पहिली शुगर आणि लिव्हरची. सहा वर्षांची जाड फाईल. दर चिठ्ठीच्या तळाला लिहिलेलं असतं, 'दारू वर्ज्य', खाली दोन रेघा. सहा वर्षांत त्या खोलीत दारूबद्दल झालेलं बोलणं म्हणजे त्या दोन रेघा.

दुसरी मनाची. झोप नाही, मधेच रडतो, दोनदा म्हणाला, "आता माझं इथं काम काय?" त्या डॉक्टरांनी डिप्रेशनची गोळी दिली, पण पुढच्या खेपेला तोंडाला वास आला तसं म्हणाले, तीन महिने दारूशिवाय राहून या, नाहीतर हे दारूमुळे आहे की मुळातलं ते मला कळणार नाही. अहो, तीन महिने राहता आलं असतं तर तुमच्याकडे कशाला आलो असतो?

तिसरी एका खाजगी व्यसनमुक्ती केंद्राची. गेल्या जानेवारीत २१ दिवस ठेवलं. दारातच बॅग उघडून गोळ्या बाजूला काढल्या. "इथं मनाच्या गोळ्या चालत नाहीत, ते दुसरं व्यसन." शुगरच्या गोळ्या दिल्या म्हणतात, पण कधी, किती, कुठंच लिहिलेलं नाही. बाविसाव्या दिवशी दादा दाढी करून, हडकून, पण हसत घरी आला. वहिनीने मोदक केले होते. चौथ्या दिवशी पुन्हा मागचं दार.

या तीन खोल्यांच्या मधल्या जागेत काय काय घडतं ते दोन प्रसंगांत सांगते.

चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आदल्या दिवशी आम्ही गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधून दमून झोपलो. पहाटे तीनला वहिनीची हाक. दादा घामाने निथळत होता, शर्ट पिळला असता तर पाणी पडलं असतं. जीभ जड, मला आईच्या नावाने हाक मारत होता. शेजारचे काका बॅटरी घेऊन आले आणि म्हणाले, "चढली आहे, झोपू दे." आम्हीही तेच समजलो असतो. मला एकाएकी ग्लुकोमीटर आठवला. ४२! रात्री जेवला नव्हता, पण शुगरची गोळी नेमाने घेतली होती आणि वर क्वार्टर. गिळता येत होतं म्हणून साखरेचं पाणी चमच्याचमच्याने घातलं आणि १०८ला फोन केला. ती गोळी लिहिणाऱ्याला क्वार्टर ठाऊक नव्हती. क्वार्टर सोडायला सांगणाऱ्यांना गोळी ठाऊक नव्हती.

दुसरा प्रसंग लिहिताना अजून हात अडखळतो. केंद्रातून आल्यावर दादा पुन्हा प्यायला लागला तेव्हा आईने कोणाच्या तरी सांगण्यावरून 'दारू सोडवायची गोळी' आणली आणि कुटून सकाळच्या पेजेत घातली. कोणाला काही सांगितलं नाही. दादा पेज जेवून तावेर्नावर गेला. अर्ध्या तासात त्याला दोघांनी धरून आणलं. तोंड तांबडं लाल, छातीचे ठोके बाहेरून दिसावेत असे, ओकाऱ्या, आणि मग एकदम हातपाय गार. कॅज्युअल्टीत डॉक्टरांनी "काय घेतलं?" म्हणून विचारलं. आम्ही "दारू" एवढंच सांगत राहिलो. आई कोपऱ्यात उभी होती, ती मग पुढं आली. त्या दिवसापासून आई दादाचं ताट वाढत नाही, भांडं वहिनीच्या हातात देते.

विचारायचं ते असं. गोव्यात कुठं तरी हा माणूस एकत्र बघितला जातो का? की आधी दारू, मग मन, मग लिव्हर असा काही क्रम असतो? आणि क्रम असेल तर मधल्या काळात तो जिवंत ठेवायचा कसा?


रोखठोक_पेडणेकर

राग मानू नका ताई. शुगर, डिप्रेशन ही सगळी नंतरची नाटकं. खाणी बंद पडल्या तेव्हा हजारो ट्रकवाले घरी बसले, सगळे बेबदे (दारुडे) झाले का? माणसाने मनावर घेतलं तर एका दिवसात सुटते. आमच्या काकांनी देवासमोर बाटली फोडली ती फोडलीच. तुम्ही तिघी त्याला सांभाळता म्हणून तो पितो. एकदा घराबाहेर काढा, येईल शुद्धीवर.


निवृत्त_सिस्टर

पेडणेकरांचे काका बरे झाले, आनंद आहे. पण "एका दिवसात सोड" हे वाक्य वाचून कोणी घरी तसं करू नये म्हणून आधी तेवढं लिहिते.

माझी ३१ वर्षं सरकारी वॉर्डात गेली, त्यातली बरीचशी पुरुषांच्या मेडिसीन आणि ऑर्थोत. ऑर्थोतली एक गोष्ट रात्रपाळीच्या सगळ्या सिस्टरना पाठ असते. पाय मोडून आलेला माणूस, ऑपरेशन नीट झालेलं, पहिला दिवस शांत. दुसऱ्या दिवशी घाम, थरथर, चिडचिड. तिसऱ्या रात्री तो चादरीवरचे किडे वेचायला लागतो. चादर स्वच्छ असते. मला एक कंडक्टर आठवतो, खाटेवर उठून बसला आणि हवेत तिकिटं फाडून मला सुटे पैसे मागायला लागला. "मागे सरका, मागे सरका," म्हणून शेजारच्या खाटेवर ओरडत होता. नातेवाईक म्हणाले, वेड लागलं, भूलीच्या औषधाचा परिणाम. तो रोज पिणारा होता, आणि भरती करताना ते कोणी विचारलं नव्हतं, त्यानेही सांगितलं नव्हतं.

रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की सहा-आठ तासांत थरथर सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फीट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात हा भ्रम येतो, त्याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, आणि वेळेत उपचार नाही झाले तर त्यात माणूस जातो. बाय, तुझ्या दादाचे हात सकाळी दारू पोटात गेल्यावर थांबतात ना, म्हणजे त्याची दारू घरी तोडायची नाही. शुगर आणि लिव्हर दोन्ही असलेल्याची तर मुळीच नाही. भरती करून, चार-आठ दिवस गोळ्या चढत्या-उतरत्या देऊन, दर काही तासांनी नाडी, बीपी, शुगर बघत उतरवायची. त्या गोळ्यासुद्धा लिव्हर बघून ठरतात. लिव्हर दमलेलं असेल तर डॉक्टर बहुधा लोराझेपामकडे वळतात, कारण बाकीच्या बऱ्याचशा अंगात साठत जातात. मग सांग, लिव्हरची फाईल न बघता दारू उतरवणार कशी?

आणखी एक. रोज पिणाऱ्याच्या अंगात बी-वन म्हणजे थायमिन संपलेलं असतं. अशा माणसाला गुंगी आली म्हणून कोणी नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावलं तर मेंदूला कायमचा फटका बसू शकतो, म्हणून आम्हाला शिकवलेलं, आधी थायमिनचं इंजेक्शन, मग ग्लुकोज. (शुगर ४२ असताना मात्र वाट बघायची नसते, दोन्ही बरोबरच. तू साखरेचं पाणी दिलंस ते बरोबर. पूर्ण बेशुद्ध असता तर तोंडात काही घालायचं नव्हतं.) तुझ्या पिशवीतल्या तिन्ही फायलींत थायमिन कुठं दिसतं का बघ.

आईला बोल लावू नका. ती गोळी डायसल्फिराम असणार. दारू शरीरात फुटताना मधे एक विषारी पदार्थ तयार होतो, ही गोळी तो पुढं फुटू देत नाही, म्हणून तोंड लाल आणि ठोके. औषध वाईट नाही. ज्याला सगळं समजावून सांगितलंय, ज्याचं हृदय-लिव्हर तपासलंय, जो स्वतः रोज सकाळी बायकोसमोर गिळतो, त्याला ती कामाची आहे. चोरून कुणालाही द्यायची नाही. आणि गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत तिचा असर राहू शकतो, हे घरात सगळ्यांना सांग.


टिपरवाला_उसगांव

पात्रांव पेडणेकर, तुमच्या "मनावर घ्या"बद्दल थोडं बोलतो. मी दर रविवारी मनावर घ्यायचो.

ताई, मी तुमच्या दादासारखाच. माझा टिपर होता, २०१२ला उभा राहिला. माझी शेवटची दारू होऊन सात वर्षं झाली. त्याआधी मी पण २१ दिवसांचं केंद्र केलंय, एकदा नाही, दोनदा. तिथली एक चांगली गोष्ट म्हणजे माझ्यासारखे आणखी तीसजण आहेत हे पहिल्यांदा डोळ्यांनी बघितलं. वाईट गोष्ट म्हणजे घरी आल्यावर रात्री तीनला छातीवर कोणीतरी बसायचं ते तसंच होतं. मला घाबरण्याचा आजार होता, वयाच्या विसाव्या वर्षापासून, दारूच्याही आधीपासून. बसमध्ये मधल्या सीटवर बसलो की घाम फुटायचा, म्हणून ट्रक शिकलो, स्वतःचं स्टिअरिंग असलं की भीती कमी. हे मला कोणी विचारलंच नव्हतं. सगळे विचारायचे, किती पितोस? एक दिवस बांबोळीला आयपीएचबीत, म्हणजे मनाच्या सरकारी हॉस्पिटलात, एका तरुण डॉक्टरने विचारलं, "पहिल्यांदा प्यायलात तेव्हा काय थांबलं?" मी तिथंच रडलो. तोपर्यंत मी उत्तर 'किती' मध्येच देत होतो, अर्धं खोटं.

तिथून पुढं दोन्ही चाललं, दारूचं आणि भीतीचं. पहिल्या महिन्यात गोळ्या, दर आठवड्याला बोलणं. एएची (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मीटिंग मी त्याच वेळी सुरू केली आणि अजून सोडली नाही. तिथं मला एका जुन्या मेंबरने सांगितलं होतं की डोक्याची गोळी घेतोस म्हणजे तू अजून सोबर नाहीस. मी आठवडाभर गोळी बंद केली, आणि मग मला पुन्हा ट्रकच्या खाली लपावंसं वाटायला लागलं. दुसऱ्या मेंबरने मला एएचंच पत्रक दाखवलं, त्यात लिहिलंय की कोणाही मेंबरने दुसऱ्याचा डॉक्टर होऊ नये. तुमच्या त्या केंद्राच्या दारात ते चिकटवायला पाहिजे.

एक गंमत सांगतो, कोणी आधी सांगितली नव्हती. दारू सुटल्यावर माझं बीपी दोन महिन्यांत उतरलं, पण बीपीची गोळी जुन्याच हिशेबाने चालू. उठलो की अंधारी. बायको म्हणाली, "परत घेतलीस?" मी देवाची शपथ घेतली, तिला खरं वाटलं नाही. तीन दिवस घरात कोणी माझ्याशी बोललं नाही आणि तिसऱ्या रात्री मी खरंच बाटलीपर्यंत पोचलो होतो. गोळी निम्मी केली, अंधारी गेली. दादाच्या शुगरच्या गोळीचंही दारू सुटल्यावर पुन्हा बघावं लागेल, हे त्या डॉक्टरला आत्ताच सांगून ठेवा.

घराबाहेर काढायचं म्हणता, तर मला काढलं होतं. मी टिपरमध्ये झोपायचो. शुद्धीवर आलो नाही, न्यूमोनिया झाला.


वाळवंटीकाठची

सिस्टर, थायमिन एका फाईलमध्ये आहे, केंद्राच्या, तेही फक्त पहिल्या दिवशी. टिपरवाले दादा, "पहिल्यांदा काय थांबलं" हे मी काल रात्री आमच्या दादाला विचारलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाबा गेले तेव्हा झोप." बाबा २००३ला गेले. आम्ही सगळे खाणींना दोष देत होतो.

एक भीती आहे. "माझं काम काय" हे तो परवा पुन्हा म्हणाला. बांबोळीला न्यायला तयार होईल असं वाटत नाही. जबरदस्ती करता येते का?


पीएचसीवाला

मी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मेडिकल ऑफिसर आहे. 'दारू वर्ज्य' आणि खाली दोन रेघा, हे मीही लिहिलंय. सकाळच्या ओपीडीत बाहेर बाकं भरलेली असताना दारूचा विषय काढला की वीस मिनिटं जातात, म्हणून रेघा मारून पुढचा पेशंट. तुमचं वाचून ते टोचलं.

तातडीचं आधी. "माझं काम काय" हे पिणाऱ्या माणसाच्या तोंडी दोनदा-तीनदा आलं की ते दारूचं बोलणं म्हणून सोडायचं नाही. त्याला सरळ विचारा, "मरायचा विचार येतो का?" विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, बहुतेकांना उलट हलकं वाटतं. भाटात, कुळागरात (बागायतीत) फवारणीची औषधं, मोरचूद असेल ते आजच कुलुपात घाला आणि किल्ली शेजाऱ्याकडे ठेवा. रात्री-अपरात्री टेलीमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं. व्यसनासाठी वेगळी हेल्पलाइन १४४४६. जिवाला धोका वाटला तर १०८, थांबायचं नाही.

"आधी तीन महिने राहून या" हे मला मान्य नाही. त्यामागं थोडं तथ्य आहे. दारूच डिप्रेशन आणते, आणि पुष्कळांचं ते दारू थांबल्यावर दोन-चार आठवड्यांत बरंच ओसरतं, म्हणून निदान पक्कं करायला तेवढा अवधी घेतात. पण तो अवधी माणसाला आत ठेवून, जवळ ठेवून घ्यायचा असतो. जीव देण्याची भाषा असेल, किंवा तुमच्या दादासारखं दारूच्या आधीचं दुखणं सापडत असेल, तर उपचार लगेच आणि दोन्हींचे बरोबरच.

कायद्याचं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणे दारू आणि ड्रग्जच्या दुरुपयोगाशी जोडलेली मानसिक अवस्था हीसुद्धा मानसिक आजारातच मोडते. म्हणजे अशा माणसांना ठेवून घेणारी संस्था नोंदणीकृत असली पाहिजे. पुन्हा कुठल्या केंद्रात नेलंत तर आधी नोंदणी विचारा. स्वतःची कागदपत्रं मागण्याचा हक्क पेशंटला आहे, केंद्राकडून २१ दिवसांची नोंद लेखी मागा. विमा कंपन्यांनाही शारीरिक आजाराच्या बरोबरीने मानसिक आजाराचा विमा द्यावा लागतो. जबरदस्तीचं म्हणाल तर माणूस स्वतःला इजा करायला निघाला असेल, किंवा स्वतःची काळजी घेण्याच्या पलीकडे गेला असेल, तर नातेवाइकाच्या अर्जावरून, दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासून, पहिल्यांदा जास्तीत जास्त ३० दिवसांपर्यंत भरती करता येते. माझा अनुभव मात्र असा की बहुतेकजण "दारू सोडायला चल" म्हटलं की येत नाहीत, "झोपेचं बघू या" म्हटलं की येतात. हे फसवणं नाही, झोपेचं खरंच बघायचं आहे.

आता तुमचा मूळ प्रश्न, एकत्र कुठं? दादाच्या अवस्थेत बांबोळी. आयपीएचबी आणि गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) दोन्ही तिथंच, मनाचे डॉक्टर आणि मेडिसीनचे डॉक्टर एकाच पठारावर. पण जागा जवळ म्हणून कागद आपोआप जवळ येत नाहीत, ते आणावे लागतात. प्रत्येक डॉक्टरकडून दुसऱ्यासाठी दोन ओळींची चिठ्ठी मागा. लाजू नका.

आपल्याकडे याची एक वेगळी पायवाट आहे, गोव्यातल्याच लोकांना ती फारशी ठाऊक नसते म्हणून लिहितो. पर्वरीच्या संगाथ संस्थेने इथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला होता, निष्कर्ष २०१७मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. ताप, पाठदुखी, शुगर म्हणून आलेल्या पुरुषांना तिथंच दारूबद्दलचे दहा प्रश्न विचारायचे, आणि धोक्याच्या पातळीला पिणाऱ्यांशी त्याच केंद्रात प्रशिक्षण घेतलेले साधे समुपदेशक बोलायचे. ते डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राची पदवीही लागत नव्हती. ३७७ पुरुष होते. तीन महिन्यांनी धोक्याच्या पातळीच्या खाली आलेले ३६ टक्के, नुसत्या नेहमीच्या सल्ल्यावर असलेल्यांत २६ टक्के. आधीच्या चौदा दिवसांत थेंबही न घेतलेले ४२ टक्के विरुद्ध १८ टक्के. मधल्या पातळीच्या लोकांसाठी होतं ते. दादाच्या सकाळच्या थरथरीला नुसतं बोलणं पुरणार नाही. पण तुमचा दादा सहा वर्षांपूर्वी पहिल्यांदा शुगर तपासायला गेला, त्या दिवशी त्याला हे दहा प्रश्न कोणी विचारले असते तर? मला हेच वाटत राहतं. आमच्या केंद्रात मी आता शुगर-बीपीच्या नवीन कार्डाला तो कागद टाचतो. सगळ्यांना विचारणं होत नाही, पण होतं तेवढं करतो.


रोखठोक_पेडणेकर

ठीक आहे. तरी बाटली तोंडाला कोण लावतो?


टिपरवाला_उसगांव

मीच लावायचो. गोळी पण मीच घेतो.


वाळवंटीकाठची

दोन महिन्यांनी लिहिते आहे. सगळ्यांना देव बरें करूं.

झोपेचंच निमित्त करून नेलं. पहिल्या खेपेला पणजीच्या बसस्टँडवर उतरून पळाला. दुसऱ्या खेपेला टिपरवाले दादा (हो, तेच, फोनवर बोलणं झालं होतं) स्वतः गाडी घेऊन आले आणि वाटेत दोघं खाणीच्या जुन्या रस्त्यांबद्दलच बोलत होते. नऊ दिवस भरती. तिसऱ्या रात्री सिस्टरनी सांगितलं तसंच, पण बरंच सौम्य. वहिनीला म्हणाला, केबिनमधली अंडी काढ, ट्रक सुरू करायचाय. औषध चालूच होतं, सकाळपर्यंत शांत झाला.

भरती करताना मी फायलींची पिशवी न देता एक वही दिली. शाळेतलीच, चौकटीची. डाव्या पानावर सगळ्या गोळ्या, कोणी दिली, कशासाठी. उजव्या पानावर तारीखवार शुगर, झोप, दारू, मन. चाळीस-पन्नास पानी फाईल कोणी वाचत नाही, दोन पानांची वही मात्र वॉर्डातल्या प्रत्येक डॉक्टरने वाचली. तिथंच उघडं पडलं की झोपेसाठी दोन ठिकाणांहून दोन नावांची एकच गोळी चालू होती. शुगरची ती गोळी बदलली. मनाची नव्याने सुरू केली, महिन्याने पुन्हा तपासणार म्हणाले. आणि सहा वर्षांत पहिल्यांदा एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरला चिठ्ठी लिहिली. त्या चिठ्ठीचा मी फोटो काढून ठेवलाय, हसू नका.

सगळं गोड नाही. पस्तिसाव्या दिवशी घसरला. दोन दिवस. हुर्राकचे (काजूच्या दारूचे) दिवस आहेत, वाड्यावर भट्टी लागली की वास थेट ओसरीवर येतो. या खेपेला मात्र कोणी त्याला केंद्रात टाकायची भाषा केली नाही. वहीत त्या दोन दिवसांपुढं त्यानेच लिहिलं, "घेतली", आणि खाली शुगर. बुधवारी डॉक्टरांनी ते पान बघितलं, ओरडले नाहीत, मंगळवारी काय झालं होतं ते विचारलं. मंगळवारी बँकेचा माणूस आला होता. ते मलाही माहीत नव्हतं.

आई अजून वाढत नाही. दादा स्वतःच पेजेचं भांडं घेऊन तिच्या शेजारी बसतो.

सिस्टर, एक राहिलं. थायमिनच्या गोळ्या किती महिने चालू ठेवायच्या?


निवृत्त_सिस्टर

ते मी इथून नाही सांगणार. वहीत लिही आणि बुधवारी विचार. आणि काय सांगतील तेही वहीत लिही.